एकशे तेरा किलोमीटरची पोच

पाण्यातून सायकलवर, सायकलवरून पायांवर आणि पायांवरून खराडीतील एका काचेच्या इमारतीसमोर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, असा हा प्रवास झाला. तो मी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एकाच रविवारी, दुपारी तीनच्या आत पूर्ण केला. काशी-रामेश्वर करून आलेल्याने किंवा विमानात बसून आलेल्याने प्रवासवर्णन लिहावे, पुणेकराने पुण्यातल्या पुण्यात फिरून ते लिहू नये, असा एक समज आहे. तथापि ज्या शहरात मी एकतीस वर्षे राहिलो, ते त्या दिवशी मला तीन निरनिराळ्या उंचींवरून दिसले, आणि ते तसे पाहिलेला दुसरा इसम नारायण पेठेत माझ्या माहितीत नाही. तेव्हा लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो.

प्रथम माझा परिचय. मी रंगनाथ उमाळे, व्यवसायाने अर्जलेखक. एका सरकारी कचेरीच्या कुंपणालगत, चिंचेच्या झाडाखाली माझे टेबल आणि टंकलेखनयंत्र आहे. वारसनोंद, नावातील दुरुस्ती, उत्पन्नाचा दाखला, हरकत, अपील यांचे मसुदे मी करतो. माझा मसुदा भाषेच्या कारणावरून परत आल्याचे उदाहरण नाही. पूर्वी त्या झाडाखाली अकरा टेबले होती. संगणक आल्यापासून लोक घरबसल्या अर्ज भरतात, आणि आता दोनच टेबले उरली आहेत. दुसरे टेबल देवधरांचे. ते वयाने मला वडील असून त्यांच्या बोलण्यास पुणेरी धार आहे.

एवढा कागद हाताखालून गेला, परंतु माझे स्वतःचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. वऱ्हाडातील आमच्या गावी कापसाच्या वेचणीत शाळा सुटली ती सुटलीच. शेकडो लोकांना त्यांचे दाखले मी मिळवून दिले. माझ्या नावाचा मात्र घरात एकच दाखला आहे, आणि तो शाळा सोडल्याचा. त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात 'सतत गैरहजर' असे लिहिले आहे. अक्षर सुंदर आहे.

माझी कन्या प्रज्ञा खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. तिच्या कचेरीत असा रिवाज आहे की, आठवडाभर खुर्चीवर बसावे आणि रविवारी त्याचे प्रायश्चित्त घ्यावे. त्या प्रायश्चित्ताचा सर्वांत कठोर प्रकार म्हणजे ट्रायथलॉन. एक किलोमीटर नऊशे मीटर पोहणे, नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणे. मध्ये विश्रांती नाही. मुदत साडेआठ तास.

"बाबा, तुम्ही विहिरीत पोहायला शिकलात. तीस वर्षं सायकलवर कचेरीत जाताय. पळायचं तेवढं शिकायचं राहिलं," ती एकदा जेवताना म्हणाली.

"कशासाठी?"

"तब्येतीसाठी."

"तब्येत उत्तम आहे."

"पूर्ण केलं की सर्टिफिकेट मिळतं."

"कोणाच्या नावाचे?"

"तुमच्याच."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नदीपात्रातील रस्त्यावर धावण्यास आरंभ केला. तो नऊ महिने चालला. देवधरांना हे कळले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उमाळे, एकशे तेरा किलोमीटर! कशाकरता?"

"दाखल्याकरता."

"अहो, मग अर्ज करा की! एवढं पळायला कशाला हवं?"

शनिवार : खराडी

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नावनोंदणीसाठी खराडीला जावे लागले. एकाच महापालिकेच्या हद्दीत असूनही नारायण पेठ आणि खराडी ही दोन राष्ट्रे आहेत. आमच्याकडे दारावर पाटी असते. तिथे पाटी गळ्यात असते. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसास 'अहो' म्हणतात. तिथे पन्नाशीच्या साहेबास पंचविशीची मुलगी नुसत्या नावाने हाक मारते आणि तो आनंदाने वळून पाहतो. दुकान एक ते चार बंद ठेवण्याची आमची सभ्यता तिथे पोहोचलेली नाही. जेवणघरात मात्र व्यवस्था चोख होती. उद्याच्या शक्तीसाठी सर्वांनी पास्ता खावा अशी सूचना होती. मी वाढणाऱ्यास विचारून दहीभात मिळवला. त्यावर दोन तरुणांनी माझ्या ताटाकडे पाहून आपली ताटे परत केली आणि तेही दहीभाताच्या रांगेत उभे राहिले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

त्यानंतर मुख्य पंचांनी सूचना दिल्या. हे शिर्के नावाचे, सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सूचना इंग्रजीत आणि अत्यंत वेगात झाल्या. मला त्यातील निम्म्या समजल्या. परंतु समोरच्याचे म्हणणे आपणास कळले नाही असे दाखवणे माझ्या व्यवसायात बसत नाही. म्हणून मी योग्य त्या ठिकाणी मान हलवली. प्रज्ञा तेवढ्यात कचेरीच्या फोनवर बोलत बाहेर गेली होती. परत येऊन तिने विचारले, "बाबा, सगळं कळलं ना?"

"कळले," मी म्हणालो. हा एक शब्द मला किती महाग पडणार होता, ते पुढे येईल.

नोंदणीच्या टेबलावर माझी सही घेऊन मला तीनशे सतरा हा क्रमांक, एक रबरी टोपी, एक पांढरी पिशवी आणि एक जाड लिफाफा देण्यात आला. पिशवीत शेवटी लागणारे कपडे भरून ती पहाटे टेंपोत द्यायची, टेंपो ती खराडीस पोहोचवणार. लिफाफ्यावर माझा क्रमांक होता आणि तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलेला होता. इथे माझा शिरस्ता सांगणे भाग आहे. आपल्या हाती आलेला सीलबंद लिफाफा आपण फोडायचा नाही. ज्याच्याकडे तो सादर करायचा त्या अधिकाऱ्यासमोरच फोडायचा. फोडलेल्या लिफाफ्याने बिघडलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. त्यानुसार मी तो प्लास्टिकच्या वेष्टनात घालून पांढऱ्या पिशवीच्या तळाशी, धुतलेल्या सदऱ्याखाली ठेवला. काम पूर्ण झाल्यावर शिर्केसाहेबांपुढे सादर करावा, असा हेतू होता.

रविवार, पहाट : जलाशय

शहराच्या पश्चिमेस धरणाचे पाणी डोंगरांच्या पायापर्यंत पसरले आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यावर धुके होते आणि पलीकडे सिंहगडाची कडा, वर मनोऱ्याचा लाल दिवा, एवढेच दिसत होते. जानेवारीची थंडी होती. पांढरी पिशवी टेंपोत देऊन मी काठावर उभा राहिलो. तीनशे-साडेतीनशे माणसे घट्ट काळ्या कपड्यांत, थरथरत, एकमेकांस शुभेच्छा देत होती. मी पाहिले, प्रत्येकाच्या डाव्या घोट्यावर एक काळी पट्टी होती. दृष्ट लागू नये म्हणून घोट्याला काळा दोरा बांधण्याची रीत आमच्या पेठेतही आहे. इतक्या शिकलेल्या मंडळींनी ती इतक्या निष्ठेने पाळावी, याचे मला कौतुक वाटले. माझा स्वतःचा दृष्टीवर विश्वास नाही.

पाण्यात उतरण्याच्या वाटेवर एक कॉलेजची विद्यार्थिनी यादी घेऊन उभी होती. तिचे नाव तन्वी. पाण्यात गेलेला प्रत्येक माणूस बाहेर आला की नाही हे पडताळण्यासाठी ती क्रमांकापुढे बरोबरची खूण करत होती. मी थांबलो.

"ताई, नुसती खूण चालत नाही."

"म्हणजे, सर?"

"खूण कोणीही करू शकते. वेळ लिहा. मी सही करतो."

"सर, मागे लाइन आहे!"

"म्हणूनच लवकर लिहा."

तिने 'सहा एकतीस' लिहिले आणि मी त्यापुढे पूर्ण सही केली. मागून कोणीतरी म्हणाले, "काका, इथं काय रजिस्ट्रेशन ऑफिस आहे का?" इतक्या मोठ्या स्पर्धेत कोण कुठे पोहोचले याची नोंद एका मुलीच्या खुणांवर सोडली आहे, हे पाहून मला आयोजकांची काळजी वाटली. पुढील प्रत्येक टप्प्यावर आपली पोच आपणच घ्यायची, असा निश्चय मी तिथेच केला.

पाणी बर्फासारखे होते. तरुण मंडळी तोंड पाण्यात घालून, हात फिरवत, कारखान्यातील यंत्रासारखी निघाली. मी विहिरीत शिकलेला. मान वर ठेवून पोहतो. पहिल्या शंभर मीटरांत माझ्या बरगडीत एक लाथ आणि कानशिलात एक कोपर बसले. श्वास अडकला. क्षणभर वाटले, 'सतत गैरहजर' हाच शेरा कायम राहणार. तेवढ्यात होडीतून आवाज आला. होडीवाला तिथल्याच गावचा, डोक्याला मफलर बांधलेला.

"मालक, हिकडं या, हिकडं! गर्दीत लाथाच हायेत. कडंकडंनं चला."

"अंतर वाढेल!"

"वाढू दे की. पाणी काय पळून जातंय व्हय?"

मी कडेने गेलो. तिथे पाणी शांत होते. उजेड येत गेला तसे धुके वर उचलले आणि पाण्यावर पाणकोंबड्या दिसू लागल्या. होडीवाला माझ्या बरोबरीने वल्ही मारत, "हाय, हाय, दम हाय अजून," असे म्हणत राहिला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले, ही या प्रवासातील एक चूक.

काठावर पाय टेकले तेव्हा गुडघे भाताच्या पेजेसारखे झाले होते. तरीही मी यादीजवळ गेलो. तन्वीने मला पाहताच न सांगता लेखणी पुढे केली. सात एकोणतीस. सही थोडी वाकडी आली.

जलाशय ते खराडी, सायकलवर

गिअरची सायकल प्रज्ञाच्या एका सहकाऱ्याची होती. तिचे खोगीर इतके अरुंद होते की त्यावर बसणे आणि न बसणे यांत फारसा फरक नव्हता. प्रथम जलाशयाकाठच्या चढउताराच्या रस्त्यावर दोन फेऱ्या, मग सिंहगड रस्त्याने शहरात शिरून, अलका चौकावरून नदी ओलांडून नगर रस्त्याने खराडी, असा मार्ग होता.

फेरीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा नारंगी खांब होता आणि त्याच्याजवळ एक स्वयंसेवक मुलगा केळी वाटत होता. मी खाली उतरलो, सायकलच्या पिशवीतून माझी खिशात मावणारी वही काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"इथे सही करा. वेळ घाला."

तो लाजला. "मी? ऑटोग्राफ? सर, खरंच?"

"खरेच. लवकर."

त्याने वेळ लिहिली, सही केली आणि सहीशेजारी एक हसरा चेहरा काढला. कार्यालयीन कागदावर चेहरे काढू नयेत, असे मी त्यास सांगितले. दुसऱ्या फेरीस त्याने सही केली आणि दोन चेहरे काढले. बाकीचे स्पर्धक न थांबता वळून जात होते. पोच न घेता निघून जाणाऱ्या या पिढीचे पुढे कसे होणार, असे मनात आले.

त्या रस्त्याचे वर्णन करणे अवश्य आहे. एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस करवंदीच्या जाळ्या, मधूनच 'पिठलं भाकरी मिळेल' अशा पाट्या. चुलींचा धूर रस्त्यावर येत होता आणि भाकरीचा वास पोटात जात होता. आमच्या हातात मात्र आयोजकांनी दिलेला शक्तीचा पुडा होता. तो फोडताना त्यातील चिकट पदार्थ निम्मा तोंडात आणि निम्मा मिशीत गेला. चवीला तो गोड डिंकासारखा होता. मिशी खराडीपर्यंत ताठ राहिली.

शहरात शिरल्यावर एक विलक्षण अडचण आली. रस्ते बंद केलेले नव्हते आणि सिग्नल मोडणारा स्पर्धक बाद, हा नियम मला समजलेल्या निम्म्या भागात होता. पुण्यात रविवारी सकाळी लाल दिव्यापुढे थांबणे हे पोहण्यापेक्षा धोक्याचे आहे. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न दाबून धरला.

"ओ काका, चला की! पोलीस नाहीये!"

"दिवा आहे," मी म्हणालो.

"दिवा काय, रोजच असतो!"

अलका चौकात माझी सौभाग्यवती उभी होती. हातात स्टीलचा डबा. तिने पहाटे उठून गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले होते आणि सिग्नल नेमका लाल होता.

"अहो, घ्या एक. तोंड किती उतरलंय!"

"बाहेरील व्यक्तीकडून मदत घेतल्यास बाद करतात."

"मी बाहेरील व्यक्ती?"

"नियमाच्या दृष्टीने."

"सव्वीस वर्षांनी कळलं," ती म्हणाली आणि डब्याचे झाकण लावले. "जा. नियमाला भूक लागत नाही, तुम्हाला लागेल तेव्हा या."

दिवा हिरवा झाला. शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेविकेकडून मी घाईने तिसरी पोच घेतली आणि निघालो. पूल ओलांडेपर्यंत लाडवाचा वास पाठीमागे येत होता. एवढ्या प्रवासात माघारी वळावेसे वाटले ते याच ठिकाणी.

सायकल जमा करण्याची मुदत बारा वाजून दहा मिनिटांची होती. मी बारा वाजून दोन मिनिटांनी पोहोचलो आणि वही खिशात घातली.

खराडी, दुपार

धावण्याच्या तीन फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीच्या टोकाला मनगटात एक रबरी कडे घालत: पहिले तांबडे, दुसरे पिवळे, तिसरे हिरवे. हातात वस्तू मिळत असल्यामुळे इथे सही मागण्याचे कारण उरले नाही.

दुपारच्या उन्हात काचेच्या इमारतींमध्ये धावणे म्हणजे आरशाच्या कपाटात तापत ठेवण्यासारखे आहे. ऊन एकदा वरून लागते आणि पुन्हा भिंतीवरून. रविवार असूनही काही मजल्यांवर दिवे होते. एका फाटकावरील पहारेकरी प्रत्येक फेरीस मला उभे राहून सलाम करी. दुसऱ्या फेरीत माझ्या मांडीत गोळा आला. मी पाय फरफटत असताना एक तरुण शेजारून गेला.

"काका, पळताय की चालताय?"

"विचाराधीन आहे."

तो हसला आणि त्याने आपल्याजवळची मिठाची पुडी मला देऊ केली. मी नियमाविषयी विचारले. स्पर्धकाने स्पर्धकास दिलेले चालते, असे तो म्हणाला. ते मीठ मी तळहातावर घेऊन चाटले. आमच्या गावी वेचणीच्या वेळी बाया कांद्याबरोबर असेच मीठ चाटत.

तिसरे, हिरवे कडे हातात पडले तेव्हा मुदतीस पंधरा मिनिटे होती आणि अंतर हजार मीटर. त्या अंतरातले मला फारसे आठवत नाही. कमानीखाली प्रज्ञा उभी राहून ओरडत होती. घड्याळात दोन वाजून त्रेपन्न मिनिटे झाली होती. मी कमान ओलांडली, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि लगेच उठलो, कारण एक काम शिल्लक होते.

टेंपोने आणलेली पांढरी पिशवी मी सोडवून घेतली, धुतलेला सदरा चढवला, सीलबंद लिफाफा काढला आणि शिर्केसाहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो.

"तीनशे सतरा. आपला लिफाफा, सीलबंद, जसाच्या तसा."

त्यांनी लिफाफ्याकडे पाहिले. मग माझ्या घोट्याकडे पाहिले. मग पुन्हा लिफाफ्याकडे. शेवटी त्यांनी तो माझ्यासमोर फोडला. आतून काळी पट्टी निघाली.

"ही पायात बांधायची होती," ते म्हणाले. "हिच्यात चीप आहे. टाइम हिनेच मोजतात."

त्यांनी शेजारच्या संगणकावर माझा क्रमांक काढला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. पोहणे, रकाना कोरा. सायकल, रकाना कोरा. समाप्ती, सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटे. टेंपोतून उतरवलेल्या पिशव्या कमानीखालून आत नेल्या होत्या. तेव्हा माझ्या सदऱ्याखालच्या पट्टीने माझी हजेरी लावली होती. यंत्राच्या मते मी न पोहता, सायकलला हात न लावता, सर्वांच्या आधी खराडीस पोहोचलो होतो. पुढे 'बाद' असे लिहिलेले होते.

"साहेब, मी आत्ता आलो."

"मी पाहिलं. पण आत्ता कुठून आलात, ते मशीनला माहीत नाही. शेवटच्या चौकात रिक्षातून उतरणारे पण असतात. झालेत असे प्रकार."

"बाबा!" प्रज्ञा म्हणाली. "मी विचारलं होतं ना, सगळं कळलं का म्हणून?"

"निम्मे कळले होते," मी म्हणालो. हे वाक्य आयुष्यात मी प्रथमच उच्चारले, आणि तेही चार माणसांत.

मी मनगटातील तीन कडी काढून टेबलावर ठेवली. मग वही काढली. शिर्केसाहेबांनी पाने उलटली.

"हे काय?"

"वळणावरील पोच. पहिली फेरी, दुसरी फेरी, अलका चौक. सही व वेळेसह."

"हे चेहरे कोणी काढलेत?"

"आपल्याच स्वयंसेवकाने. त्यास समज दिली आहे."

त्यांच्या मिशीचे एक टोक हलले. पण ते म्हणाले, "सायकल आणि रनचं मानतो. पोहण्याचं काय? ते नसेल तर काहीच नाही."

पोहण्याची यादी तन्वीजवळ होती आणि तन्वी होड्या, दोऱ्या व तरंगते फुगे घेऊन दुसऱ्या टेंपोतून येत होती. टेंपो सिंहगड रस्त्यावर अडकल्याचा फोन आला. मी वाट पाहत बसलो. समोर एकेकाचे नाव पुकारून दाखले वाटले जात होते. माझ्या नावाचा कागद त्या गठ्ठ्यात होता. नाव छापलेले, वेळेचा रकाना तेवढा मोकळा. मी तो उलटा वाचत होतो. अर्जदार माझ्या टेबलापुढे आकसून का बसतात, हे एकतीस वर्षांनी मला उमगले. मनात नाना शंका आल्या. यादी ओली झाली असेल. ती मुलगी ती टाकून देईल. कामाचा कागद काम झाल्यावर टाकून देण्याची सवय सर्वांनाच असते.

प्रज्ञा शेजारी बसली. तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "बाबा, कागद मिळाला नाही तरी तुम्ही पूर्ण केलंय. मला माहितीये."

"तुझे माहीत असणे ग्राह्य धरता येत नाही," मी म्हणालो. परंतु तिचा हात मी सोडला नाही.

पावणेचारला टेंपो आला. तन्वी उतरली ती पायांत चिखल आणि काखेत पुठ्ठा घेऊन. यादी पुठ्ठ्यालाच चिमट्याने लावलेली होती. शिर्केसाहेब काही विचारण्याआधीच तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"सर, हे काका! पूर्ण लाइन थांबवून सही केली यांनी! येताना पण! बाकी कोणीच नाही केली."

यादी टेबलावर आली. क्रमांकापुढे क्रमांक, खुणांमागे खुणा, आणि तीनशे सतरापुढे दोन वेळा, दोन सह्या. दुसरीवर पाण्याचा एक थेंब पडून शाई थोडी पसरली होती. शिर्केसाहेबांनी शनिवारचा नोंदणीचा कागद मागवला, तो शेजारी ठेवला आणि तिन्ही सह्या बोटाने ताडून पाहिल्या. मी पाहिलेल्या कोणत्याही दुय्यम निबंधकाने सही इतकी काळजीपूर्वक पाहिलेली नाही.

"जुळतात," ते म्हणाले.

तो शब्द ऐकून मला जे वाटले त्याला सुटका म्हणावे लागेल. आनंद पुष्कळ वेळाने आला. आधी फक्त खांदे खाली आले आणि लक्षात आले की सकाळपासून मी ते वर धरून ठेवले होते.

त्यांनी गठ्ठ्यातून माझा दाखला काढला, मोकळ्या रकान्यात आठ तास बावीस मिनिटे अशी वेळ स्वहस्ते लिहिली आणि खाली 'हस्तलिखित नोंदींवरून' असे जोडून सही केली.

"शिक्का?" मी विचारले.

"शिक्का नाही आमच्याकडे, उमाळे. हे घ्या आणि घरी जा. आणि पुढच्या वेळेस लिफाफा उघडा!"

सोमवार : चिंचेखाली

सोमवारी मी घराचा जिना पायरी पायरीने, आडवा होत उतरलो आणि चिंचेखालच्या टेबलाशी पोहोचलो. देवधरांनी हात पुढे केला.

"दाखवा."

त्यांनी चष्मा लावला आणि दाखला वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

"शिक्का नाही."

"नाही."

"जावक क्रमांक नाही."

"नाही."

"म्हणजे सदोष आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तो मला परत दिला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कोणताही कागद दोन्ही हातांनी दिलेला नव्हता. "एक छायाप्रत काढा. मूळ प्रत पेटीत ठेवा. मूळ प्रत बाहेर ठेवायची नसते, तुम्हाला काय सांगायचं!"

सल्ला योग्यच होता. मीही प्रत्येक पक्षकारास तोच देतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी छायाप्रत काढली, घरी आलो आणि पेटी उघडली. तळाशी शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावर मी छायाप्रत ठेवली आणि पेटी बंद केली. मूळ प्रत चौकटीत घालून दारासमोरच्या भिंतीवर, येणाऱ्याच्या नजरेस पडेल अशा बेताने लावली. खिळा सौभाग्यवतीने स्टुलावर चढून ठोकला. माझे हात अजून वर जात नव्हते.

खाली उतरून तिने तो कागद लांबून पाहिला, चौकट डावीकडे थोडी सरकवली आणि आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आली.

"आता चालेल ना बाहेरील व्यक्तीकडून?"

मी दोन लाडू घेतले. उभ्याउभ्याच खाल्ले, कारण बसलो असतो तर उठता आले नसते.